मोठी किल्ली तिजोरीत

धायरीत आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की वर टेबलं थरथरायची आणि संध्याकाळी कीबोर्ड झटकला की चिमूटभर ज्वारी निघायची. लोकांना वाटतं, सॉफ्टवेअर म्हणजे काचेच्या इमारती. आमच्याकडे दोन खोल्या होत्या, पाच माणसं होती आणि दारात दळणाच्या डब्यांची रांग. चार वेळा तरी मी बायकांना सांगितलं असेल की दळण खाली टाका, वर दळत नाही. एकीने विचारलं होतं, मग वर काय करता? तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं.

मी तिथे टायपिंगला होते. वय चोपन्न. आमचे हे खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, म्हणून आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि मागे एक कॉम्प्युटर आणि खोकंभर पुस्तकं ठेवून गेला. तेव्हा पुण्यात चौकाचौकात कॉम्प्युटरचे क्लास होते. मीही एका क्लासमध्ये चौकशीला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कोणाला सोडायला आलात? मी म्हटलं, स्वतःला. ती हसली नाही, आणि मी पुन्हा गेले नाही. मुलाची पुस्तकं घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. दोन वर्षं आमच्याकडे आमटीचं पातेलं स्टुलावर असायचं आणि टेबलावर प्रोग्रॅमिंग.

आमचे साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून त्यांनी हे दुकान थाटलं होतं. ते मला काकू म्हणायचे, मी त्यांना साहेब म्हणायची, आणि दोघांनाही ते थोडं चुकल्यासारखं वाटायचं. मी टायपिंग करता करता मधूनच मुलांच्या प्रोग्रॅममधल्या चुका दाखवायची, ते साहेबांना आवडायचं. त्या मुलांना मात्र आवडायचं नाही.

मग मार्केट यार्डाचं काम आलं. तिथल्या गुळाच्या तेवीस गाळ्यांतून माल बाहेरगावी जायचा, आणि वाटेत वजनाच्या चिठ्ठ्यांवर कोणीतरी पेन चालवायचं. निघताना एक वजन, पोचताना दुसरं. तेव्हा असं ठरलं की चिठ्ठी कॉम्प्युटरवरच करायची आणि तिच्यावर गाळ्याची अशी सही टाकायची की चिठ्ठीतला एक आकडा बदलला तरी सही खोटी ठरावी. हे काम आमच्याकडची एक हुशार मुलगी करत होती. ती अर्ध्यात बंगलोरला गेली. साहेबांनी दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, काकू, तुम्ही करता का? बाजार समितीच्या तपासणीत हे पास झालं तर तुम्हाला प्रोग्रॅमर म्हणून कायम करतो. नाही झालं तर परत टायपिंग. आणि टायपिंगचं काम हल्ली किती येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

मला माहीत होतं. येतच नव्हतं.

तर त्या सहीसाठी प्रत्येक गाळ्याला किल्ल्यांची जोडी करून द्यायची होती. एक गुप्त, एक उघडी. गुप्त किल्लीने सही होते, ती फक्त मालकाकडे राहते. उघडी किल्ली जगाला द्यायची, तिच्यावरून कोणीही ताडून बघतो की सही खरी की खोटी. या किल्ल्या ज्या गणितातून निघतात त्याला एलिप्टिक कर्व्ह म्हणतात. मराठीत करायचं तर लंबवर्तुळाकार वक्र. मी आठ दिवस वहीत लंबवर्तुळं काढली, एकाहून एक सुंदर. नवव्या दिवशी पुस्तकात पुढचं पान उलटलं, तर तिथे लिहिलेलं की या वक्राचा आकार लंबवर्तुळासारखा नसतो, नाव आपलं तसं पडलं आहे. मी पुस्तक मिटलं आणि भाजी निवडायला घेतली. पुण्यात नावावरून काही शोधायला जाऊ नये हे मला कळायला हवं होतं.

गणित खरं तर समजायला अवघड नाही. त्या वक्रावर एक ठरलेला बिंदू असतो. तिथून निघायचं आणि एका ठरावीक रीतीने उड्या मारत जायचं. किती उड्या मारल्या, तो आकडा म्हणजे गुप्त किल्ली. शेवटी जिथे पोचलात तो बिंदू म्हणजे उघडी किल्ली. पेठेतल्या वन-वेमधून वळणं घेत घेत एखादा माणूस कुठेतरी उभा राहिला, तर तो कुठे उभा आहे ते सगळ्यांना दिसतं, पण किती वळणं घेऊन आला ते त्याच्याकडे बघून कोण सांगणार? तसंच. आणि उड्यांचा आकडा एकच असतो, बिंदूला मात्र आडवा आणि उभा असे दोन आकडे लागतात. त्यामुळे गुप्त किल्ली लहान निघते आणि उघडी तिच्या दुप्पट. लिहून काढली तर गुप्त चौसष्ट अक्षरांची आणि उघडी, सुरुवातीची खुणेची दोन अक्षरं धरून, एकशे तीस. हे एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ यातूनच झाला.

प्रोग्रॅम चालला. तेवीस जोड्या निघाल्या. त्या फायलीत काढून ठेवताना एक प्रमाण पद्धत असते, म्हणजे किल्लीभोवती एक वेष्टन घालतात. वर एक ओळ, खाली एक ओळ, आत ही कसली किल्ली, कुठल्या वक्राची, अशी माहिती. साहेब म्हणाले होते की ते वेष्टन राहू द्या. मी काढून टाकलं. तेवीस गाळ्यांना तेवीस वेळा तेच तेच इंग्रजी कशाला? पिशवीला पिशवी घालायची मला सवय नाही. मी नुसती अक्षरं ठेवली, स्वच्छ.

किल्ल्या कॉम्प्युटरमध्ये गेल्याच होत्या, पण व्यापाऱ्यांना त्या कागदावर हव्या होत्या. गाळ्यांच्या पुढारी शेठचं म्हणणं असं की जी वस्तू हातात येत नाही ती माझी आहे हे मी कोणाला सांगू? माणूस सत्तरीचा, पांढरी टोपी, आवाज इतका हळू की सगळे आपोआप पुढे वाकायचे. शिवाय उघडी किल्ली गाळ्याच्या दर्शनी भागात लावायची अशी समितीची अटच होती, म्हणजे कागद करणं भागच. मी छापून नेले. शेठच्या गादीवर तेवीस व्यापारी, चहा, आणि मी. सांगितलं की प्रत्येकाला दोन कागद आहेत. गुप्त किल्ली तिजोरीत ठेवायची, बायकोलाही दाखवायची नाही, ती ज्याच्या हातात पडेल तो तुमच्या नावाने सही करील. उघडी बाहेर पाटीवर लावा. कोणीतरी विचारलं, यातली कुठली कोणती?

मी म्हटलं, ते बघितल्यावर कळतंच.

शेठनी दोन्ही कागद हातात धरून पाहिले आणि मान डोलावली. म्हणाले, कळतंय की. मग सगळ्यांनीच मान डोलावली. इतकी शहाणी माणसं मला क्लासमध्येही भेटली नसती, असं मनात म्हणत मी बसने घरी आले.

तपासणीच्या दिवशी साहेब, मी आणि समितीचे तपासनीस असे तिघं गुळाच्या बाजूला गेलो. तेवीस गाळ्यांवर तेवीस नव्या पत्र्याच्या पाट्या लागल्या होत्या. कागद उडतो म्हणून व्यापाऱ्यांनी पेंटर लावला होता. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, काळी सावली, वर शुभ, खाली लाभ, आणि मधोमध किल्ली. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, अगदी चौकोनात बसवलेली.

आठी आठी चौसष्ट.

मी दुसरी पाटी मोजली, तिसरी मोजली. तेवीसच्या तेवीस व्यापाऱ्यांनी गुप्त किल्ली पेंटरकडून रंगवून दारावर लावली होती, आणि जी जगाला वाटायची ती प्लास्टिकमध्ये घालून, हळदकुंकू वाहून तिजोरीत बंद केली होती. तपासनीस पाटीसमोर उभे राहायचे, पाटी आहे असं बघायचे, बरोबरची खूण करायचे आणि पुढे सरकायचे. तेवीस खुणा झाल्या. अहवालावर त्यांनी लिहिलं, किल्ल्या दर्शनी भागात, स्पष्ट व सुवाच्य. साहेब लांबून माझ्याकडे बघून हसत होते. त्यांनी पाट्या मोजल्या होत्या, अक्षरं मोजली नव्हती. परत येताना गाडीत ते मला प्रोग्रॅमर काकू म्हणाले, दोनदा. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. हे फॅक्टरीत तीस वर्षं काय बनवायचे ते त्यांनी मला आजतागायत सांगितलेलं नाही, फक्त कॅन्टीनला काय होतं ते सांगायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, माल गेटबाहेर कधी पडणार? मी म्हटलं, सोमवारपासून चिठ्ठ्या सुरू. ते म्हणाले, मग अजून आतच आहे. आत असलेला लॉट परत घेता येतो. आणि पेपर वाचायला लागले. एवढाच सल्ला. मी म्हटलं, माझी नोकरी जाईल. तर म्हणाले, हो, ते होईल.

सकाळी साहेबांना सांगितलं. ते पाण्याची बाटली तोंडाला लावून तसेच थांबले. मग म्हणाले, काकू, सोमवारी सुरू होऊ द्या, मग आपण हळूच बदलू, पाटीवर काय लिहिलंय हे कोण वाचतंय? मी म्हटलं, चिठ्ठीवर पेन चालवणारे वाचतील, त्यांचा धंदाच वाचायचा आहे. ते म्हणाले, तुम्ही सांगितलंत तर तपासणी रद्द होणार. आणि तपासणी रद्द म्हणजे...

"टायपिंग," मी म्हटलं.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं, आणि मी उठले.

समितीच्या ऑफिसात तपासनीसांच्या टेबलावर आमचा अहवाल शिक्का मारून तयार होता. मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, मी तुम्हाला पास केलंय. तुम्ही नापास का होताय?"

मी परत सांगितलं. पाटीवर गुप्त किल्ली आहे. त्यांनी अट वाचून दाखवली, उघडी किल्ली दर्शनी भागात असावी. म्हणाले, ही गेले चार दिवस बाहेर आहे, अख्ख्या मार्केटने वाचली. मग आता ती उघडीच झाली ना? अट पूर्ण झाली. वाक्य म्हणून त्यात खरंच चूक काढता येईना.

पण मी रिकाम्या हाताने गेले नव्हते. आदल्या दिवशी शेठच्या पाटीवरची चौसष्ट अक्षरं मी बसच्या तिकिटामागे उतरवून घेतली होती, आणि सकाळी ऑफिसात त्यांच्यावरून एक चिठ्ठी तयार केली होती. ती पेनड्राइव्हवरून तपासनीसांच्या कॉम्प्युटरवर टाकली आणि म्हटलं, ताडून बघा. आमचाच ताडायचा प्रोग्रॅम तिथे होता. हिरवी अक्षरं आली. सही खरी. चिठ्ठी शेठच्या गाळ्याची. माल: तपासनीस, नग एक. वजन: तीन क्विंटल.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पोट थोडं आत घेतलं.

"हे शेठनी दिलं?"

"शेठना माहीतसुद्धा नाही. पाटीवर बघून कोणीही करील."

त्यांनी शिक्का मारलेला अहवाल उलटा ठेवला आणि नव्या कागदावर लिहिलं, फेरतपासणी. वर म्हणाले की ती चिठ्ठी आधी पुसा. मी पुसली. त्यांनी परत एकदा पुसून घेतली, स्वतःच्या समोर.

आता शेठकडे जायचं होतं. मी मनात धरलं होतं की रागावतील. ते रागावले नाहीत, त्यांना माझी कीव आली. गादीवर बसवून घेतलं आणि हळू आवाजात, मी पुढे वाकल्यावर, मला धंदा समजावून सांगितला. दारात वाटीभर नमुना ठेवतात आणि ढेपा आत असतात. कोणी ढेपा दारात आणि वाटी तिजोरीत ठेवतो का? तुम्ही दोन कागद दिलेत, एक वाटीएवढा, एक ढेपेएवढा. तेवीस माणसांत एकालाही शंका आली नाही, मग चूक तेवीस जणांची की एकीची?

मी म्हटलं, एकीची. मग विचारलं की नवीन जोड्या दिल्या आणि या वेळी लहान तीच आत ठेवायची असं बजावून सांगितलं तर? शेठ म्हणाले, सांगा, मान डोलावतील.

तेव्हा मला माझं वेष्टन आठवलं. ते कशाला असतं हे मी शेठना सांगायला लागले, की किल्लीभोवती माहिती गुंडाळलेली असते, नाव घातलेलं असतं, मी ते जागा खातं म्हणून काढून टाकलं. शेठनी मला मधेच थांबवलं.

"ताई, बारदान काढून गूळ पाठवलात होय तुम्ही?"

बारदान म्हणजे मालाभोवतीचं गोणपाट. इतक्या कमी शब्दांत माझी चूक मला साहेबांनीही सांगितली नसती. सांगितलीही नव्हती, त्यांनी नुसतं वेष्टन राहू द्या म्हटलं होतं.

ऑफिसात येऊन जुन्या तेवीस जोड्या रद्द केल्या, नव्या काढल्या आणि या वेळी प्रमाण पद्धतीने, वेष्टनासकट फायलीत घातल्या. आणि गंमत बघा. वेष्टन घातलं की गुप्त किल्लीच्या पोटात उघडी किल्लीही बसते, बाकीची माहितीही बसते. गुप्त झाली तीन ओळींची, उघडी दोन ओळींची. ढेप मोठी, वाटी लहान. ज्यांनी ही पद्धत ठरवली ते कधी मार्केट यार्डात आले असतील असं वाटत नाही, पण वजन बरोबर उतरलं. मी तेवढ्यावर थांबले नाही. प्रत्येक कागदावर मराठीत ठळक लिहिलं, ही आत, ही बाहेर. गुप्त कागद पाकिटात घालून पाकिटं डिंकाने चिकटवली.

पाट्या परत रंगवायला पेंटर आला, तर नवीच अडचण. पहिल्या वेळी इंग्रजी अक्षर लहान काय, मोठं काय, फरक पडत नव्हता. आता वेष्टनाच्या पद्धतीत पडत होता. पेंटरचं म्हणणं, पाटीवर लहान लिपी शोभत नाही, मी सगळं मोठ्यात काढतो. शिवाय मधे मधे अधिकचं चिन्ह होतं, ते तो दवाखान्यावर काढतात तसं ठसठशीत लाल काढायचा, त्यामुळे दोन गाळ्यांवर लोक रक्तदाब तपासायला आले. मी तीन दिवस शिडीखाली कागद धरून उभी होते. लहान ए, मोठा क्यू, आडवी रेघ नाही हो, तिरकी. पेंटरने शेवटी मला विचारलं की बाई, हा कुठला मंत्र आहे? मी म्हटलं, गुळाचा.

फेरतपासणीला साहेब आणि मी शेठकडे आधीच जाऊन बसलो होतो; तपासनीस मागून आले, आणि या वेळी शेवटापर्यंत शिस्तीने. दोन ओळींची पाटी आहे, खूण. मग शेठना म्हणाले, आता आतली दाखवा.

शेठ गादीवरून हलले नाहीत. म्हणाले, आतली म्हणजे काय? तपासनीस म्हणाले, गुप्त किल्ली सुरक्षित ठेवली आहे की नाही हे मला तपासायचं आहे. शेठ म्हणाले, सुरक्षित आहे. तपासनीस म्हणाले, ते बघितल्याशिवाय मी कसं लिहू? साहेब माझ्याकडे बघायला लागले. तपासणी पुन्हा अडकली तर तिसरी होणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"दाखवली तर ती गुप्त राहते का?" शेठनी मला विचारलं. "राहत नसेल तर परत नवीन करून द्यावी लागेल तुम्हाला. पेंटरही परत आणावा लागेल."

दाखवा म्हटलं असतं तर त्याच दुपारी कायम झाले असते. मी म्हटलं, राहत नाही. दाखवू नका.

तपासनीस तडक पुढच्या गाळ्यावर गेले. तिथला व्यापारी म्हणाला, कसली किल्ली? त्याच्या पुढचा म्हणाला, तिजोरीची किल्ली घरी आहे. त्याच्या पुढच्याने त्यांना पाणी दिलं आणि हात जोडले. एकाने तर तुमचं ओळखपत्र दाखवा म्हटलं, आणि ते दाखवल्यावर म्हणाला, छान आहे. पंधराव्या गाळ्यापर्यंत बातमी पुढे पोचलेली होती, तिथून पुढचे लोक ते यायच्या आधीच मान हलवून नाही म्हणत होते. तेवीसमध्ये एकानेही दाखवली नाही. समितीच्या माणसाला इतक्या आनंदाने नाही म्हणायची संधी त्यांना याआधी मिळाली नसावी.

तपासनीस परत शेठच्या गाळ्यावर आले, टेकले, घाम पुसला.  मग त्यांनी लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: आतील किल्ल्या तेवीसपैकी एकाही गाळ्यात पाहावयास मिळाल्या नाहीत. समाधानकारक.

मी विचारलं, पास? ते म्हणाले, बाई, आता मला परत नापास व्हायचं काही सांगू नका.

साहेबांनी शब्द पाळला. त्याच आठवड्यात माझ्या नेमणुकीचं पत्र करायचं ठरलं. टायपिंगला मात्र ऑफिसात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते पत्र मलाच टाइप करावं लागलं. प्रोग्रॅमर हा शब्द मी एकदा जाड केला, मग बरं दिसेना म्हणून परत साधा केला. छापून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. ते फोनवर बोलत होते, बोलता बोलता त्यांनी पेन उचललं आणि खाली सही करायला लागले. मी कागदावर हात ठेवला.

म्हटलं, आधी वाचा. मी त्यात काहीही लिहिलेलं असू शकतं.

त्यांनी फोन ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचलं.